सीसी झाली

अण्णांनी माझ्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाले, "सीसी झाली."

मी अजून चपला काढल्या नव्हत्या. पुण्याहून सकाळची एसटी पकडून भर उन्हात जयसिंगपूरला पोचले होते, ती भांडायला. वाटेत कराडला गाडी बराच वेळ थांबली तर मी चहासुद्धा घेतला नाही, उगाच राग उतरायचा म्हणून. आणि इथं सख्खा बाप दारात उभा राहून मला पेढा देत होता. कशाबद्दल, तर मला कर्जात घातल्याबद्दल.

"गल्लीत सगळ्यांना दिले," अण्णा म्हणाले. "खा की. हातात धरून काय बसलीस?"

मी बसले नव्हते, उभीच होते. पेढा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि सरळ आत गेले. अण्णांना वाटलं असणार, पोरगी प्रवासानं दमली.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. पण कुणी 'सीसी' म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. ऑफिसात कुणी नुसतं "मॅडम, मला सीसीत ठेवा" म्हणालं तरी मी आधी त्याच्याकडे रागानं बघते, मग मला कळतं की तो ईमेलचं बोलतोय.

झालं होतं असं, की गुरुवारी माझ्या धाकट्या भावाचा, पारसचा फोन आला. मी कामावर होते. त्यानं एका दमात सांगितलं, "अक्का, बँकेची ओडी तुझ्या सीसीवर घेऊ. मोबाइलवर एक कोड येईल तेवढा मला सांग. अण्णांशी बोललोय. हो म्हणालेत, खूश आहेत." सीसी म्हणजे काय रे, मी विचारलं. तर म्हणे क्रेडिट कार्ड, पुण्यात राहतीस आणि एवढंही माहीत नाही होय. मी म्हटलं, मी शनिवारी येते, तोपर्यंत कशाला हात लावू नकोस.

आमचा मंडपाचा धंदा. 'कागवाडे मंडप डेकोरेटर्स.' अण्णांनी बांबू आणि कनातींवर सुरू केला. लग्नसराईच्या तोंडावर मजुरांना उचल द्यायला पैसे लागायचे, म्हणून त्यांनी गावातल्या नागरी बँकेतून घराच्या कागदांवर ओडी घेतली होती. ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट. खात्यात नसले तरी ठरलेल्या रकमेपर्यंत बँक पैसे काढू देते आणि काढलेल्यावर व्याज लावते. अण्णा दरवर्षी काढायचे आणि सराई संपली की इमानदारीत भरून टाकायचे. पारस धंद्यात आल्यापासून नुसतं काढणं राहिलं. नवरा-नवरीचे फोटो लांबून मोठे दिसावेत म्हणून त्यानं एलईडीची आख्खी भिंत विकत घेतली. पावणेचार लाख त्या खात्यातून गेले ते गेलेच. बँकेनं सांगितलं, मार्चअखेर खातं कोरं करा, नाहीतर घरावर नोटीस लावू.

दिवाळीत मी घरी आले होते तेव्हा माझ्या फोनवर कार्डवाल्यांचा मेसेज आला होता. कार्डावरची रक्कम थेट खात्यात घ्या, सहा महिने व्याज नाही. पारसनं तो वाचला. त्याच्या खालची बारीक अक्षरं वाचली नाहीत. सहा महिन्यांनंतर जे उरेल त्यावर महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याला! ओडीला आख्ख्या वर्षाचे तेरा होते. आणि कार्ड माझं. म्हणजे ओडी अण्णांची, भिंत पारसची आणि बोकांडी बसणार उज्ज्वला कागवाडेच्या.

बरं, हे कधी? तर मंगळवारी मी घराच्या कर्जावर सही करणार होते. पुण्यात चौदा वर्षांत मी सहा घरं बदलली. एकटी बाई म्हटलं की घरमालकाला प्रश्न पडतात. एक म्हणायचा, लग्न ठरलं की आधी सांगा. दुसऱ्याची बायको माझ्याकडे कोण आलं-गेलं ते गॅलरीत बसून बघायची. सदतिसाव्या वर्षी सिंहगड रोडला एक खोली आणि स्वयंपाकघर, जुनंच, पण माझ्या नावावर होणार होतं. बयाणा दिला होता. कर्ज देणाऱ्या बँकेतल्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, मंगळवारपर्यंत नवीन काही उचलू नका, कार्डावर तर मुळीच नाही, शेवटच्या क्षणीसुद्धा तपासतात. उचललं की कर्ज रद्द. बयाणा पण गेला, घर पण गेलं.

मग फोनवरच 'नाही' का म्हणाली नाहीस, असं मला पुष्कळांनी विचारलंय. म्हणता आलं असतं. पण 'अण्णा हो म्हणालेत' हे माझ्या डोक्यात घुसलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारातले पैसे अण्णांना दिले, तर त्यांनी तसेच परत माझ्या पर्समध्ये घातले होते. मुलीच्या पैशाला हात लावायचा नाही, असं चारचौघांत म्हणणारा माणूस. तो हो म्हणाला? मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि खरं सांगायचं तर घराला नोटीस लागलेली मलाही बघवली नसती. साताऱ्यापर्यंत वाटत होतं, करून टाकावं, सहा महिने तर आहेत. सातारा सोडल्यावर वाटायला लागलं, का म्हणून? कराडला तर मी कुणाशीच बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

आत आई भाकरी करत होती. आम्ही जैन, आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे चार वाजल्यापासूनच चूल पेटते. आई आमच्याकडच्या बायकांसारखी अजून 'मी येतो, मी जातो' म्हणते. "मी भाकरी थापतो, तू हातपाय धू," म्हणाली. मी तिला विचारलं, तुला माहितीये का पारसनं काय चालवलंय ते. तिला एवढंच माहीत होतं की बँकेचं काम झालं आणि अण्णांचा जीव भांड्यात पडला.

"तुझी एक सही लागती म्हणे," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "देऊन टाक बाई. तुला एकटीला असं किती लागतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकटीला! एकटी माणसं काय हवा खाऊन जगतात? एकटीला भाडं अर्धं लागतं? पण आईशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी तशीच मागच्या दारानं शेडमध्ये गेले.

पत्र्याच्या त्या शेडमध्ये मंडपाचं सगळं सामान असतं. अण्णा खुर्च्यांच्या थप्प्या मोजत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळात खुर्ची मागणारा, तो वाकून वाकून थप्प्या मोजत होता, आणि तोंडानं कसलंसं गाणं.

मी सरळ विचारलं, "अण्णा, तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो की."

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"त्यात काय विचारायचं? घरातली सही घरात," ते म्हणाले आणि पुढच्या थप्पीकडे गेले.

मग मी सुटलेच. गेले दोन दिवस जे जे मनात घोळत होतं ते सगळं बोलले. पोराचे लाड तुम्ही केलेत आणि निस्तरायचं मी. शिकायला पुण्याला जाते म्हटलं तेव्हा खर्च परवडत नाही म्हणालात, मी शिकवण्या घेऊन शिकले. पारसला भिंत परवडली. आता मंगळवारी माझं घर होतंय तर त्याच्या आत तुम्हाला पेढे वाटायचे सुचले. मी ओरडत नव्हते, ओरडले असते तर बरं झालं असतं. अण्णा मोजायचे थांबले आणि माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी भलत्याच कुणाच्या बापाबद्दल बोलतेय.

"तुझ्या घराचा ह्यात काय संबंध?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, कोडगेपणा करतायत. मी म्हटलं, काही संबंध नाही ना? मोजा मग खुर्च्या.

"मोजायलाच पाहिजेत. सीसीला दर महिन्याला स्टॉक द्यायला लागतो बँकेला. गाद्या किती, खुर्च्या किती, कनाती किती. उद्या साहेब बघायला आले तर?"

क्रेडिट कार्डवाले कशाला खुर्च्या मोजायला येतील? माझ्या कार्डावर मी फ्रिज घेतला तेव्हा कुणी तो बघायला आलं नव्हतं. मी सतरंज्यांच्या ढिगावर बसले आणि विचारलं, "अण्णा, सीसी म्हणजे काय?"

अण्णांना हा प्रश्न फार आवडला. ते पण शेजारी टेकले आणि सांगायला लागले. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. दुकानातला, गोडाऊनमधला माल बघून बँक धंदेवाल्याला जी मर्यादा देते ती. ओडीवाला म्हणजे नडलेला माणूस, घर गहाण टाकणारा. सीसीवाला म्हणजे व्यापारी. त्याच्या मालावर बँकेचा विश्वास. समोरच्या भांड्यांच्या दुकानवाल्याला आहे, तेलाच्या गिरणीवाल्याला आहे. बँकेतले मगदूम साहेब अण्णांना आठ वर्षं नाही म्हणत होते, मंडपाच्या बांबूवर कसली सीसी म्हणून हसायचे. आणि आता पारसनं करून दाखवली. परवा घरी येऊन म्हणाला, अण्णा, ओडी बंद करून सीसीवर घेतो, अक्काची सही लागेल. अण्णांनी समजून घेतलं, अक्का जामीनदार. नोकरीवाली जामीनदार म्हटल्यावर बँक हो म्हणाली असेल.

"घराचे कागद परत येणार आता," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईच्या हातात देणार आहे मी."

मला हसू यावं की रडू यावं, कळेना. दोन दिवस ज्या माणसाला मी मनातल्या मनात काय वाट्टेल ते बोलत होते त्याला काडीचीही कल्पना नव्हती. माझ्या मनातला सगळा राग तिथल्या तिथं उचलून मी पारसच्या खात्यावर टाकला. अण्णांना मात्र तेव्हा काही सांगितलं नाही. म्हटलं, येऊ दे त्याला, त्याच्याच तोंडानं सांगू दे. त्यांच्याबरोबर उरलेल्या थप्प्या मोजल्या. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात मला फार बरं वाटलं.

पारस साडेपाचला आला. हातपाय धुऊन ताटावर बसला, मला म्हणाला, कधी आलीस? मी विचारलं, अण्णांना तू नेमकं काय सांगितलंस?

त्यानं आधी आईकडे बघितलं, मग ताटात बघितलं. "सांगितलं की. ओडी सीसीवर घेतो म्हणून."

"सीसी म्हणजे काय?"

"क्रेडिट कार्डला सीसीच म्हणतात सगळे. मी काय खोटं बोललो?"

"आणि अण्णा पेढे वाटत होते तेव्हा?"

तेव्हा म्हणे तो बाहेर होता. आल्यावर कळलं, पण इतके खूश होते, कशाला मोडता घालायचा. काम झालं की सांगणार होता. शांतपणे बोलत होता, वर आमटी वाढून घेत होता. मला ताट उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

अण्णांचा घास हातातच राहिला होता. मी त्यांना सगळं नीट सांगितलं. कॅश क्रेडिट वगैरे काही झालेलं नाही. बँकेनं काही दिलेलं नाही. मी माझ्या कार्डावर कर्ज काढायचं, त्यातून तुमची ओडी भरायची. सहा महिने व्याज नाही, नंतर चिक्कार. आणि ते काढलं की माझं घर गेलं, मंगळवारी सही होणार नाही. सांगताना माझा आवाज मऊ झाला होता. मला त्यांची दया येत होती. गल्लीभर पेढे वाटलेला म्हातारा माणूस. आता हे पारसवर काय तुटून पडतील, आणि मी त्यांना कसं आवरणार, ह्याचीच मी मनात तयारी करत होते.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. अण्णांनी खिडकीकडे बघितलं, हातातला घास खाल्ला, उरलेली भाकरी संपवली, पाणी प्यायले. मग पारसला विचारलं, "सहा महिने व्याज नाही म्हणतोस?"

"एक पैसा नाही," पारस म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर कशाला राहतंय? मे महिन्यात एवढ्या तारखा आहेत लग्नाच्या."

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा वाईट नव्हता. उलट समजावणीचा होता, लहानपणी मला दवाखान्यात न्यायचे तेव्हा असायचा तसा. "उज्जू, मग बघ की. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मला वाटलं, मी नीट सांगितलं नाही. मी परत सांगितलं, अण्णा, माझं घर जातंय.

"घर कुठं पळून जातंय? पुढच्या वर्षी दुसरं बघ. पुण्यात घरांना काय तोटा आहे?" ते म्हणाले. "इथं मी सगळ्यांना सांगून बसलोय. आता नोटीस आली तर मी तोंड कुठं लपवू?"

आई म्हणाली, "ऐक गं त्यांचं." पारसला बोलायची गरजच उरली नव्हती. तो ताकाची वाटी तोंडाला लावून बसला होता.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नाही, ना आधी, ना नंतर. पारसचा नाही. तो कसा आहे ते मला तो शाळेत असल्यापासून माहीत होतं. पण दुपारी येताना मी ज्यासाठी अण्णांवर चिडले होते ते त्यांनी केलेलंच नव्हतं, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत, सगळं समजून उमजून, पोटभर जेवून केलं.

मी म्हणाले, "अण्णा, मघाशी शेडमध्ये मी तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

"असू दे, असू दे," ते म्हणाले.

"आता माहीत आहे."

मी माझं ताट उचललं, घासलं, जागेवर ठेवलं. पिशवी तशीच भरलेली होती. आई दारापर्यंत आली, अंधार पडेल, सकाळी जा म्हणाली. अण्णा आतूनच म्हणाले, राहा की आजची रात्र, आपण शांतपणे बोलू. शांतपणे! मी कोपऱ्यावर रिक्षा केली, सांगलीला गेले आणि तिथून पुण्याची गाडी धरली. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरी आला होता का? मी नाही म्हणाले.

मंगळवारी मी सह्या केल्या. मार्चअखेर घरी काय होईल ह्याचा मी रोज विचार करायचे आणि रोज स्वतःला दरडावायचे की तू फोन करायचा नाहीस. मग आईचाच फोन आला. पारसनं ती भिंत मिरजेच्या एका डेकोरेटरला विकली होती. बऱ्यापैकी किंमत आली. ओडीचा मोठा तुकडा भरला, उरलेल्याला बँकेनं मुदत दिली, नोटीस लागली नाही. मी आईला विचारलं, ही भिंत विकायचं त्या दिवशी कुणालाच कसं सुचलं नाही? आई म्हणाली, "अगं, ती पारसची हौस होती."

घराची किल्ली मिळाली तो एप्रिलचा शेवट होता. रिकाम्या खोलीत मी फरशीवर बसले होते. आधीच्या लोकांनी भिंतीला खिळे ठोकून ठेवले होते, ते उपटायला पकड घेऊन आले होते. फोन वाजला. अण्णांचा. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच. मी पकड खाली ठेवली, फोनकडे बघितलं आणि इतकी मूर्ख, की माझे डोळे भरून आले. वाटलं, बापच तो. कळलं असेल, विचारायला केलाय.

"झालं का गं घर?" अण्णांनी विचारलं.

"झालं अण्णा. आत्ता तिथंच बसलेय."

"चांगलं झालं. हवा आहे का?"

मी सांगितलं, हवा आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. स्वयंपाकघर लहान आहे पण आई येईल तेव्हा तिला पुरेल. तुम्हाला जिना चढायला लागणार नाही, तळमजलाच आहे. मी बोलतच सुटले होते. ते हं, हं म्हणत होते.

"नावावर कुणाच्या केलंस?"

"माझ्या."

"तुझ्या एकटीच्या?"

"माझ्या एकटीच्या."

मागे शेडमध्ये कुणीतरी पाइप टाकल्याचा आवाज आला. मग त्यांनी अगदी मायेनं, आवाज खाली आणून विचारलं, "त्याच्यावर ओडी मिळती का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"मिळत नाही होय? पूर्वी मिळायची," अण्णा म्हणाले. "नियम बदलले असतील."

"हो," मी म्हणाले. "बदलले."